घड्याळातला कोंबडा

१३ मे, मंगळवार

फिरू या म्हणे!

दादाची कागदपत्रं आज दुपारी संपली. शेवटचा शिक्का बसला, कचेरीतल्या बाईने माझा हात हातात घेतला, आणि आम्ही दोघी बाहेर पायऱ्यांवर येऊन उभ्या राहिलो. मला वाटलं, वहिनी आता घरी जाऊन सामान बांधायला घेईल. विमान शनिवारी आहे. तर म्हणते, "चार दिवस मोकळे मिळालेत. चल, तुला शहर दाखवते."

दादाला जाऊन धड महिना झाला नाही!

वहिनीने पिशवीतून रुमाल काढला आणि गळ्यात बांधला. पिवळाधमक. मला ऐन वेळी बोलता येत नाही. घरी आल्यावर सगळं सुचतं.

माझ्या पर्समध्ये दोन तिकिटं आहेत. एक माझं, एक वहिनीचं. निघताना आईने बजावलं होतं, "सुनेला घेऊनच ये. एकटी काय करणार ती तिथे?" मी आल्या दिवशीच वहिनीला सांगितलं. ती "बघू" म्हणाली. अजून बघतेच आहे. कपाट तसंच्या तसं. कुंड्यांना रोज पाणी. जाणाऱ्या बाईची ही लक्षणं नव्हेत.

तर मला बंदरावर नेलं. तिथला फळवाला वहिनीला बघून लांबूनच ओरडला. मग दोघांचं काहीतरी चाललं, वहिनी हसली. तोंडावर हात ठेवून नाही, चांगलं मान मागे टाकून हसली! त्याने दोन संत्री दिली, पैसे घेतले नाहीत. फळवाल्याबद्दल दादा फोनवर सांगायचा — सालीवर टिचकी मारून गोडी सांगतो, मिशीला मेंदी लावतो. मिशी खरंच लाल आहे. मी वहिनीला म्हटलं, "हाच ना दादाचा फळवाला?" ती म्हणाली, "हं." त्याला माझी ओळख करून दिली, नणंद म्हणून. तो हसून वाकला. दादाबद्दल एक शब्द नाही. रोजचं गिऱ्हाईक गेलं त्याचं, आणि हा बाबा दात काढतोय.

संत्रं मी खाल्लं नाही. दोन्ही वहिनीने पिशवीत टाकली.

१४ मे, बुधवार

आज फेरीबोट. पलीकडच्या काठावर जाऊन परत यायचं, काम काही नाही. बोटीत सायकली, कुत्री, शाळेची पोरं, गळ्यात पेटी अडकवून वाजवणारा एक म्हातारा. पाणी चकाकत होतं. शहर इतकं सुंदर दिसत होतं की मला रागच आला. कुणी गेलंय याचा या शहराला पत्ताच नाही. खिडक्या उघड्या, कपडे वाळताहेत, लोक हसताहेत.

वहिनी सारखी कोपराने ढोसत होती. "वन्सं, ते बघा. वन्सं, तो बघा, दोन वेगळे मोजे घातलेत." चेष्टेत आली की मला वन्सं म्हणते, लग्न झाल्यापासूनची खोड. मी आपली समोर बघत बसले.

मग कॉफीचं दुकान. हे दुकान मला पाठ आहे. दोन वर्षांपूर्वी दादाने मुदतीआधी नोकरी सोडली. लिफ्ट दुरुस्तीचं काम, अख्ख्या शहराला वर-खाली करून थकलो म्हणाला, आता नुसता भटकणार. तेव्हापासून दर रविवारी त्याच्या फोनवर हेच. खिडकीपाशी डगमगणारं टेबल, पायाखाली पुठ्ठ्याची घडी, भिंतीवर जहाजाचं वाकडं चित्र. आई खाटेवरून ऐकायची. कंबर मोडल्यापासून तिचं बाहेर जाणं म्हणजे तो फोन.

टेबल आहे. घडी आहे. चित्र वाकडंच आहे. मी उभी राहिले, मला पुढे पाऊल टाकवेना.

कॉफीवाल्याने न विचारता एक कप आणला आणि वहिनीसमोर ठेवला. एकच. मी असताना! माझ्यासाठी तिला वेगळं सांगावं लागलं. मी म्हटलं, "दादा कुठल्या खुर्चीवर बसायचा, त्याला विचारा ना." वहिनी त्याच्याशी दोन वाक्यं बोलली. तो "हो हो" करत हसला आणि आत गेला. तिने विचारलंच नाही. भाषा येत नसली तरी एवढं कळतं मला. निघताना त्याने कागदात एक बिस्किट गुंडाळून तिच्या हातात दिलं. जिथे जाईल तिथे हिला काही ना काही फुकट मिळतं!

रात्री आईचा फोन. "तिकीट दिलंस तिला? काय म्हणाली?" म्हटलं, विचारते. मग नेहमीचं — "कोंबडा बघितलास का गं?"

चौकातल्या मनोऱ्यावर घड्याळ आहे. बरोबर बाराला दार उघडून पितळी कोंबडा बाहेर येतो, पंख फडफडवतो, आरवतो. दादाने हे आईला इतक्यांदा सांगितलंय की मावशीसुद्धा आता त्या कोंबड्याची चौकशी करते. म्हटलं, शुक्रवारी बघणार आहे. "नीट बघून ये," आई म्हणाली. "डोळे कसले आहेत ते विचारायचं राहिलं त्याला."

१५ मे, गुरुवार

मी आज फिरायला गेले नाही. पाय दुखतात म्हणून सांगितलं. तशी भुरभुरही होती. तरी ही गेली! छत्री घेतली आणि गेली. एकटी.

मी दादाचं सामान आवरलं. खिडकीपाशी त्याची खुर्ची, पाठीला उशी, शेजारी स्टूल. खिडकीतून बंदराची एक चिंचोळी पट्टी दिसते. हत्यारांच्या पेटीत प्रत्येक पाना पुसून कापडात गुंडाळलेला. त्याचं पहिल्यापासून तसंच. आमची खेळणीसुद्धा तो पुसून ठेवायचा.

मग बूट. दादाचे तपकिरी बूट मी पिशवीत भरायला उचलले आणि उलटे केले. लॅबमध्ये माझी सगळी नोकरी रक्ताच्या थेंबातलं बारीकसारीक बघण्यात गेली, सवय आहे. तळवे कोरे. टाचेचा कोपरासुद्धा झिजलेला नाही. शेजारी वहिनीच्या चपला, बूट, पावसाळी बूट — सगळ्यांचे तळवे झिजून गुळगुळीत.

रोज बंदरापर्यंत चालणाऱ्या माणसाचे बूट असे?

दादाच्या पिशवीचा बंद उसवला होता म्हणून ती घेऊन तळमजल्यावरच्या शिवणवालीकडे गेले. चार मजले उतरून. लिफ्टच्या माणसाच्या घराला लिफ्ट नाही, काय बोलायचं! जिना गोल, काळोखी, भिंतीवर प्रत्येक वळणावर पेन्सिलीच्या खुणा. रंगाऱ्याने केल्या असतील.

शिवणवालीने बंद जागच्या जागी शिवून दिला. तिच्या-माझ्या मोडक्या इंग्रजीत थोडं बोलणं झालं. मी म्हटलं, माझा भाऊ वर राहायचा, तुमच्या दारावरून रोज जात असेल. ती म्हणाली, वरचे साहेब? त्यांना तर मी दोन वर्षं बघितलेलं नाही. बाई मात्र रोज संध्याकाळी बाहेर. ऊन असो, बर्फ असो. अंधार पडल्यावर परत.

वर म्हणते, "छान बाई आहे."

छान!

जिना चढताना मला दम लागला तो चढण्याने नव्हे. म्हणजे दादा घरात बसून होता. दोन वर्षं. आणि ही गावभर. फळवाल्याशी हसणं, कॉफीवाल्याकडे एक कप — एकच कप, अर्थातच! दादा बिचारा आम्हाला फोनवर सांगायचा, मी गेलो, मी बघितलं, मी बसलो. बायकोची अब्रू झाकत होता. दुसरं काय? आणि ही म्हणते झोपेत गेला, अचानक. अचानक कसा जाईल? कुणी लक्ष ठेवलं असतं तर कळलं असतं.

ही परत आली तेव्हा केस ओले, गाल लाल. "अगं, काय मजा झाली बाजारात—" म्हणाली. मी खोलीत निघून गेले.

आईने हिला सून म्हणून डोक्यावर घेतलंय. न्यायची कशाला हिला?

१६ मे, शुक्रवार

सगळं क्रमाने लिहिते. नाहीतर डोकं फुटेल.

बाराच्या आधीच आम्ही चौकात होतो. बाजार भरलेला, फुलांचे ठेले, मधोमध मनोरा. घड्याळ मोठं आहे, काटे सोनेरी. मी मान वर करून उभी. वहिनी वाटेत काही बोलली नव्हती. आज रुमालही नव्हता बांधलेला.

बारा वाजले. ठोके पडले. दार उघडलं नाही. दारच नाही! घड्याळाखाली नुसता दगड. कोंबडा नाही, खिडकी नाही, फट नाही. मनोऱ्याच्या पायथ्याशी टोपीवाला राखणदार बसतो, त्याच्याकडे मी तडक गेले. वहिनी "अगं थांब" म्हणत मागे. मी हातांनी पंख करून दाखवले. भर चौकात! लाज वाटायलाही वेळ नव्हता. तो हसू दाबत "नाही नाही" म्हणाला. पूर्वी होता का? काढला का? नाही. कधीच नव्हता.

मी वळले आणि वहिनीला म्हणाले, "आजारी माणसाला वर कोंडून तुम्ही दोन वर्षं गावभर फिरत होतात. त्याने कोंबडासुद्धा मनानेच बघितला."

आजारी हा शब्द माझ्या तोंडून कसा आला कुणास ठाऊक. कोऱ्या बुटांवरून आला असेल.

ती रागावली नाही. मनोऱ्याच्या पायरीवर बसली आणि शेजारची जागा हाताने झाडली. मी उभीच राहिले. मग बसले.

तिने सांगितलं ते असं. दोन वर्षांपूर्वी एक दिवस दादा जिन्यात बसला तो उठेचना. हृदय निम्मंच चालत होतं. डॉक्टर म्हणाले, जिना बंद. उतरणं जमेल, चढणं नाही. विमानही नाही. नोकरी त्याने सोडली नव्हती, सुटली होती. घर बदलू या म्हणून ही मागे लागली, तर म्हणाला, तळमजल्यावरून काय दिसतं? पहिले काही दिवस जिन्याच्या मधल्या पोकळीत लिफ्ट बसते का ते काढत होता. हिला टेप देऊन वळणावळणावर पाठवायचा, ही खालून ओरडून मापं सांगायची. भिंतीवरच्या खुणा त्या.

"चार बोटं कमी पडली," वहिनी म्हणाली.

आम्हाला का नाही सांगितलं, मी विचारलं. तर त्यानेच शपथ घातली होती. आईला इकडे येता येणार नाही, त्याला तिकडे जाता येणार नाही, मग कळून दोघांनी नुसतं झुरायचं कशाला — असं म्हणाला म्हणे. शहाणा!

आणि फिरणं? ते मात्र तिच्याच शब्दांत लिहिते, कारण मला ते बदलून लिहिता येत नाही.

"मी म्हटलं, मीही घरीच बसते. तर चिडला. म्हणाला, दोघं घरात बसून एकमेकांना काय सांगणार? तू जा. नीट बघून ये. मग रोज जायला लागले. आणि आल्यावर परीक्षा! फळवाल्याने मिशी रंगवली का, चित्र सरळ केलं का कुणी. नाही बघितलं म्हटलं की म्हणायचा, मग गेलीस कशाला, पाय मोकळे करायला? रविवारी त्याला आईंना सांगायचं असायचं ना."

मी विचारलं, "कोंबडा?"

"तो माझा." ती घड्याळाकडे बघत होती. "त्या दिवशी धो धो पाऊस. चौकापर्यंत आलेच नाही, एका दुकानाच्या आडोशाला उभी राहून परत गेले. तो दिवसभर वाट बघत बसलेला. रिकाम्या हाताने कशी जाऊ? कोंबडा नेला. त्याला लगेच कळलं थाप आहे ते, खूप हसला. पण रविवारी बघते तर फोनवर आईंना सांगतोय! पंखबिंख लावून! पुढच्या रविवारी आईंनी चौकशी केली. मग काय, तो कोंबडा पाळावाच लागला आम्हाला."

मी हसले नाही. हसायला आलं होतं, तरीही नाही.

फळवाल्याला, कॉफीवाल्याला दादा कधी दिसला नाही, पण तो आहे हे त्यांना ठाऊक. ही रोज विचारते, बघते, ते घरातल्या माणसासाठी, हे ठाऊक. दुसरं संत्रं त्याचं असतं. बिस्किट त्याचं असतं. तो गेल्याचं वहिनीने त्यांना सांगितलेलंच नाही. "सांगितलं की एकच संत्रं देतील," म्हणाली.

मग थोडी तिखटपणे — "तुला घेऊन फिरले ते वर जाऊन कुणाला तरी सांगता यावं म्हणून. सांगणं नाही तर निदान दोघींनी बघितलेलं बोलता यावं म्हणून. तू तर काही बघतच नव्हतीस."

रात्री लिहिताना अजून संताप होतोय. फक्त तो आता दादावर होतोय. आम्हाला बनवलंस तू! दोन वर्षं! खुर्चीत बसून! मी लॅबमधून दमून यायची, रविवारी तुझं ऐकायची आणि मनात म्हणायची, हा बघा, मजेत आहे, नोकरी सोडून उंडारतोय, आणि आईची उस्तवार सगळी माझ्यावर. मी तुझ्यावर चिडलेली असायची, दादा. ते उंडारणं तरी खरं असू द्यायचंस.

आणि वहिनी, तुम्हीसुद्धा. तीन आठवडे मी तुमच्या घरात होते, चार दिवस तुमच्या रुमालाकडे बघत होते. एका शब्दाने सांगायला काय झालं होतं!

फळीवर तीन दिवसांची संत्री ओळीने ठेवलेली आहेत. एक काढून सोलली. गोड निघाली, दुष्ट.

१७ मे, शनिवार

विमानतळ. दुसरं तिकीट पर्समध्येच आहे.

सकाळी वहिनीला विचारलं, शेवटचं. ती म्हणाली, "तिथे मी आईंसमोर बसून काय करू? दोघी रडू. मग संपलं रडणं की एकमेकींकडे बघत बसू. इथे निदान संध्याकाळ झाली की पाय आपोआप जिना उतरतात."

मी म्हटलं, आईला काय सांगू?

"तू कधी खोटं बोलली नाहीस, ते माहीत आहे मला," ती म्हणाली. "तू ठरव."

बरं झालं! दोघांनी मिळून दोन वर्षं थापा मारायच्या आणि ठरवायचं मी.

दादाचे बूट तिला परत दिले. हत्यारांची पेटी मी आणली. वजनाचे पैसे भरावे लागले, भरले. निघताना तिने माझ्या गळ्यात पिवळा रुमाल बांधला. दादाने खिडकीतून ओळखू यावी म्हणून निवडला होता म्हणे. गर्दीत ती लांबूनच दिसायची त्याला, त्या चिंचोळ्या पट्टीतून.

मी तो सोडला आणि परत तिच्या गळ्यात बांधला. मला काय करायचाय?

१९ मे, सोमवार

आईने अबोला धरलाय. "एक काम सांगितलं होतं," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. मावशी मध्ये पडायला गेली, तिलाही बोलणी बसली.

संध्याकाळी मात्र कूस वळवून विचारलंच. कोंबड्याचे डोळे कसले आहेत?

म्हटलं, गर्दी फार होती, नीट दिसलं नाही.

"इतक्या लांब जाऊन!"

२२ मे, गुरुवार

कामावर रुजू. सगळ्या जणी विचारतात, शहर कसं होतं? मला एकदम दोन वेगळे मोजे आठवले. म्हणजे बघितलं होतं मी.

२५ मे, रविवार

दादाच्या वेळेला फोन वाजला. आईचा हात सवयीने पुढे गेला, मग मध्येच थांबला. मी आवाज मोठा करून फोन तिच्या उशाशी ठेवला. वहिनी. तब्येत झाली, औषधं झाली. मग आई म्हणाली, "हिला काही धड दिसलं नाही. तूच सांग. कोंबड्याचे डोळे कसले आहेत?"

पलीकडून आवाजच येईना. मी आईला काय सांगितलंय ते तिला कुठे माहीत होतं?

मी फोनपाशी वाकले. म्हटलं, "सांगा ना, वहिनी. आम्ही दोघी ऐकतोय."

लाल काचेचे आहेत. आणि आज तीनदा आरवला म्हणे.